जांभळ्या बाटलीबद्दल विहीणबाईंना

आदरणीय विहीणबाई,

सादर नमस्कार. तुम्ही उभयता खुशाल असाल असं धरून चालते. व्याहीबुवांचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला आमचा जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीकडे कौतुकाने बघत होते, पण त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीच नाही हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. (मी कोणाला बोलले नाही. माझा स्वभावच तसा आहे, सगळं बघायचं आणि मनात ठेवायचं.) इकडे आम्ही मजेत आहोत. माझी तब्येत उत्तम आहे. माझ्या डोक्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर त्यातलं निम्मंच खरं धरा.

सूनबाई तुमच्याकडे येऊन आज आठ दिवस झाले. जाताना 'चार दिवस आईला बघून येते' असं म्हणाली होती. आता चार दिवसांत तुमचं सगळं बघून होत नाही असं असेल, तर तसं कळवा. तिला परत बोलवायला मी हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करते. यायचं असेल तर येईल, राहायचं असेल तर राहील, लेक तुमची आहे. फक्त झाल्या प्रकाराची एकच बाजू तुमच्यापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमची लाँड्री तुम्ही पाहिलेली आहे. मागे धुलाईची मशिनं, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल आणि बारा महिने वाफ, पुढे काउंटर. त्या काउंटरवर मी एकतीस वर्षं बसते आहे. दातांच्या डॉक्टरांचे कोट, बेकरीवाल्याचे एप्रन, खानावळीचे टेबलक्लॉथ, असं आमचं निम्मं काम पांढऱ्या कपड्यांचं. पांढऱ्यावर कुठे पिवळी झाक आली असेल तर ती मला गिऱ्हाईक दारात असतानाच दिसते. (एकदा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाऐवजी दातांबद्दल बोलून गेले होते. ते पुन्हा आले नाहीत.) तर या काउंटरवर गेल्या वर्षापासून तुमची लेक माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागली. आधी नुसतं स्टूल. मग पावत्या तिच्या अक्षरात. मग गिऱ्हाइकं दारातून डोकावून 'ताई नाहीत का?' असं विचारायला लागली. ताई म्हणजे ती. मी मावशी. मी समोर बसलेली असतानाही 'ताई नाहीत का' म्हणजे काय ते मला समजतं. खुर्ची एका दिवसात जात नाही, आधी शेजारी स्टूल येतं. तेव्हापासून मी सावध होते, एवढं तुम्ही ध्यानात घ्या.

आता केसांचं. दोन वर्षांपूर्वी मी कलप लावायचं सोडलं. कलपाने टाळूला अशी खाज सुटायची की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पेन्सिल डोक्यात जायची. सोडल्यावर केस पांढरे झाले आणि मी सुटले. पुढे कपाळाजवळ त्यांना थोडी सोनेरी छटा आली होती. ती सोनेरीच आहे असं माझं मत होतं. जगातला कुठलाही पांढरा कपडा वाफेत पिवळा पडतो हे मी एकतीस वर्षं लोकांना समजावून सांगते, पण तीच वाफ मी डोक्यावर घेऊन बसते हे काही माझ्या मनात आलं नाही. आणि अशात एके दिवशी न्हाणीघराच्या फळीवर एक बाटली अवतरली. कोणी काही बोललं नाही. वर लिहिलं होतं, पांढऱ्या व करड्या केसांसाठी शाम्पू. झाकण काढून बघते तर आत गर्द जांभळा रंग. विहीणबाई, पांढऱ्या केसांसाठी जांभळा शाम्पू! शिवाय बाटलीचं सील आधीच फोडलेलं. नवी बाटली, घरात पांढऱ्या केसांची मी एकटी (आमच्या ह्यांना केसच नाहीत), मग सील फोडलं कोणी? भरीस भर म्हणजे त्याच्या आदल्याच दिवशी सूनबाईच्या मनगटावर मला जांभळट डाग दिसला होता. काउंटरवरच विचारलं, हे काय? तर घाईघाईने बाही खाली ओढून म्हणाली, 'शाई आहे, आई.' आमच्या दुकानात निळ्या पेनाशिवाय दुसरं पेन नाही.

मी अशी गोष्ट सोडून देणाऱ्यांतली नाही. मी बाटली घेऊन मागे गेले, पांढऱ्या घमेल्यात पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकून बघितले. पाण्याला जी छटा आली ती बघून मी तिथेच हसले. अहो, ही तर नीळ! पिवळ्या पडलेल्या चादरीला आपण निळीच्या पाण्यातून काढतो आणि ती पांढरी दिसायला लागते, तोच हा प्रकार, फक्त थोडा जांभळ्याकडे झुकलेला आणि सुवास घातलेला. म्हणजे ज्या कामात माझी हयात गेली तेच काम मला बाटलीत भरून आणून दिलेलं. त्याचा अर्थही उघड होता, की सासूबाई, तुम्ही पिवळ्या पडल्या आहात. दोन दिवस मी त्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं आणि कपाळावरचं ते सोनेरी मला पहिल्यांदा टेबलक्लॉथसारखं दिसलं. मग मात्र राहवेना.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ओल्या केसांना लावून तीन मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. तीन मिनिटं! हे वाचून माझी खात्रीच पटली की ही सगळी फसवाफसवी आहे. तीन मिनिटांत जाणारा पिवळेपणा मी आजवर पाहिलेला नाही. गुण थोडाच यावा आणि माणसाने पुन्हा पुन्हा बाटली आणावी, याचसाठी ते तीन लिहीत असणार. खानावळीचा टेबलक्लॉथ मी चाळीस मिनिटं ठेवते, कोणाची तक्रार नाही. म्हणून मी माझ्या हिशेबाने गेले. केस कोरडेच ठेवले (कोरडं कापड रंग चांगलं पितं), तळहात भरभरून शाम्पू लावला, वरून इस्त्रीखालचा गरम टॉवेल गुंडाळला आणि घड्याळ लावून चाळीस मिनिटं बसले. आमचे इस्त्रीवाले मामा दोनदा येऊन विचारून गेले, वहिनी, डोकं दुखतंय का? मी म्हटलं, तुम्ही तुमची कॉलर बघा.

टॉवेल काढून डोकं धुतल्यावर जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. मागचे केस करडे ते करडेच. पुढचे, जिथे सगळ्यात जास्त पांढरे होते तिथले, वांग्याच्या फुलासारखे जांभळे. तेही सगळीकडे सारखे नाहीत, तीन पट्टे. कानाच्या पाळ्याही रंगल्या होत्या. आमच्या ह्यांना दाखवलं. चष्मा काढून, पुसून, परत लावून म्हणाले, छान आहे. (हे गेली पस्तीस वर्षं सगळ्याला छान आहे म्हणतात, त्यामुळे त्यांची साक्ष मी कधीच धरत नाही.) तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. काउंटर रिकामं ठेवायचं नाही हा माझाच नियम, आणि रिकामं ठेवलं तर कोण बसेल हेही ठाऊक होतं, म्हणून तशीच गेले.

समोर दातांचे डॉक्टर, त्यांच्या मागे एप्रन न्यायला आलेला बेकरीवाला. डॉक्टरांच्या हातात पांढऱ्या कोटांचं गाठोडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, मग 'पांढरे कपडे तांबड्या-निळ्यांबरोबर धूत नाही' या आमच्या पाटीकडे बघितलं, आणि गाठोडं हळूच काखेत घेतलं. म्हणाले, उद्या आणतो. इतक्यात आतून तुमची लेक आली. मला बघून आधी तिने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि जी हसत सुटली ती थांबेचना. हसता हसता धुवायच्या चादरींच्या ढिगावर बसली. डॉक्टरही हसायला लागले. आणि मग मी बोलले. मी म्हटलं, तू हे मुद्दाम केलंस, मला या काउंटरवरून उठवायला. तुझ्या स्टुलाला खुर्ची व्हायचंय. असं डॉक्टरांसमोर, बेकरीवाल्यासमोर, आत इस्त्रीवाले मामा ऐकत असताना. तिचं हसू तिथेच थांबलं. उठून चादरी उचलल्या आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून निघाली.

त्यानंतर मी माझ्या संशयाची कागदोपत्री मांडणीच केली होती. फोडलेलं सील, मनगटावरचा डाग, शाई म्हणून खोटं बोलणं, स्टूल. सगळं जुळत होतं. पाचव्या दिवशी चिरंजीवांना समोर बसवून एकेक मुद्दा वाचून दाखवला. आमचा मुलगा फार बोलत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, 'आई, तुला कलपाने खाज सुटायची ना? म्हणून तिने ते आधी दोन दिवस स्वतःच्या हाताला लावून बघितलं. काही होत नाही अशी खात्री झाल्यावर बाटली फळीवर ठेवली.' मी विचारलं, मग शाई का म्हणाली? तर म्हणाला, 'तू विचारलंस काउंटरवर. तुझे केस पिवळे पडलेत हे तिने गिऱ्हाइकांसमोर सांगायचं होतं का?'

विहीणबाई, तिने माझी गोष्ट चारचौघांत झाकली आणि मी तिची नसलेली गोष्ट चारचौघांत उघडी केली. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. तरी एक शंका राहतेच, की तिने मला एकटीला गाठून सरळ का नाही सांगितलं? पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हेही मला माहीत आहे, त्यामुळे ही शंका मी सध्या बाजूला ठेवली आहे.

डॉक्टर चार दिवसांनी कोट घेऊन आले. मी डोक्याला रुमाल बांधून पावती केली. माझं अक्षर त्यांना लागलं नाही. विचारलं, ताई नाहीत का? मी म्हटलं, माहेरी गेल्यात, येतील. (हे मी दुकानाची पत राखायला म्हटलं. त्यावरून काही अर्थ काढू नका.)

व्याहीबुवांना नमस्कार. जिन्याला कठडा बसवून घेतला आहे.

आपली,
विहीण

ता. क. – एक आपलं सहज विचारते. लग्नात तुमचे केस बघितले तेव्हाच मला शंका आली होती की इतकं शुभ्र आपोआप होत नाही. त्या बाटलीची माहिती सूनबाईला कुठून मिळाली असावी याचाही मी विचार केला आहे. तुम्ही ती किती मिनिटं ठेवता? तीन म्हणाल्यात तर या वेळी विश्वास ठेवीन.

ता. क. दुसरा – याचं उत्तर पोस्टाने पाठवू नका. आमचा पोस्टमन पत्रं वाचतो असा मला संशय आहे. तिच्याच हाती पाठवलंत तर बरं. मी तिची माफी मागणार आहे. चारचौघांत बोलले होते, तर माफीही काउंटरवरच, गिऱ्हाइकं असताना मागेन. डॉक्टरांना शनिवारी संध्याकाळी बोलावून ठेवलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरा – रंग दर धुण्याला उतरतो आहे. आणखी दोनदा डोकं धुतलं तर काहीच उरणार नाही. तिचं हसणं त्या दिवशी माझ्यामुळे अर्धवट राहिलं, म्हणून मंगळवारपासून मी डोक्याला पाणी लावलेलं नाही. पण वाफेत बसून आता खाज सुटायला लागली आहे. शनिवारच्या पुढे मला धीर धरवणार नाही, एवढं तिला सांगा.