जाळीच्या वायरचा वास

मंगळवार, जेवणानंतर

शी! बोटांचा जळक्या प्लॅस्टिकचा वास साबणानेही जात नाही. बांगड्याच्या कालवणालासुद्धा तोच वास.

गिटारच्या अ‍ॅम्पसाठी मेव्हण्याला मुंबईहून वायर आणायला सांगितली होती. वर तांब्याची जाळी, आत टेफलॉन. चांगलं समजावून सांगितलं होतं. गिटारचा बारीक सिग्नल आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हपर्यंत घरघर न लागता जावा म्हणून जाळी, आणि जाळीला कथलाचा गरम डाग देताना आतलं वितळू नये म्हणून टेफलॉन. याने आणली ती जाळीची, पण आत साधं प्लॅस्टिक. का, तर म्हणे मऊ आहे, छान वाकते!

आणि मी ती वापरली. का वापरली? रविवारी हातखंब्याला भीमगीतांचा कार्यक्रम आहे, त्यांचा गिटारवाला राहुल अ‍ॅम्प न्यायला येणार, म्हणून. डाग देताच आतलं प्लॅस्टिक मेणासारखं वितळलं आणि जाळी मधल्या तारेला चिकटली. गिटार जोडली तर आवाजच नाही. नुसता तो वास.

मेव्हण्याला फोन लावून झाडलं. शांतपणे म्हणतो, "पण भावोजी, घरघर बंद झाली ना? तीच नको होती तुम्हाला."

फोन ठेवला. पुन्हा हात धुऊन आलो. वास आहेच.