दुसऱ्या वाटीतलं फळ

निमगाव केतकी
श्रावण शुद्ध द्वादशी

प्रिय उत्कर्षा,

पाकीट बघून हसली असशील. तासाभरावर बारामती, हातात फोन, आणि ही बाई पोस्टात तिकीट चिकटवायला गेली म्हणून. पण माझा फोन आला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि भांडी लावत बोलतेस. तिकडं कोण कोण ऐकतंय ते मला दिसत नाही. हे तू एकटीनं वाचावंस असं आहे. दिग्विजय भावजी कामावर गेले असतील तर दार लोटून घे आणि बस.

घरच्या ग्रुपवर तू बोलून पाठवलंस ते सगळ्या भावकीनं ऐकलं. बंगल्याचा हॉल मोठा आहे, सोसायटीत गौरींच्या सजावटीची स्पर्धा असते, तेव्हा आपल्या गौरींचे मुखवटे यंदा बारामतीला द्यावेत. आणि यंदापुरतेच कशाला, ताईंचीही आता दगदग होते, यापुढं कायमचेच आमच्याकडं राहू देत. वडगाव निंबाळकरच्या वन्संनी लगेच हात जोडलेलं चित्र टाकलं. चुलत सासऱ्यांनी अंगठा दाखवला. आता सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. लग्न होऊन या घरात आले त्या साली आत्याबाईंनी सासूच्या हातानं ते पितळी मुखवटे माझ्या ओटीत दिले होते. तेव्हापासून चिंचेनं घासते ते मीच, त्यांचं नाकडोळं रेखते ते मीच, आणि विसर्जनाच्या दिवशी लेक सासरी निघावी तशी चुलीपाशी बसून रडतेही मीच. ते या उंबऱ्याच्या आत राहायचे की जायचे, एवढंच तू विचारलंस. त्याचं उत्तर देते. पण आधी जरा किराणा मालाचं बोलायचंय.

वैशाखात तुझी वास्तुशांत होती. आदल्या दिवशी तू मला आणि आत्याबाईंना मॉलमध्ये घेऊन गेलीस. ताई, तुम्हाला खरेदी चांगली जमते, चला, म्हणालीस. मला बरं वाटलं होतं. गाडा ढकलत तू पुढं आणि तुझ्या मागं आम्ही दोघी. शेंगदाणे मी चार दाणे हातावर चोळून बघितले, तूरडाळ वासावर पारखली, रव्याची पिशवी उजेडात धरली, कारण पाहुण्यांच्या शिऱ्यात जाळी निघाली तर नाव तुझंच निघणार होतं. साबणाबरोबर वाटी फुकट होती ती मी दोनदा विचारून घेतली. तू तिथल्या पोरीला म्हणालीस, आमच्या ताई देवाकडंसुद्धा एकावर एक फुकट मागतात. ती पोर हसली. मीही हसले. मोठ्या जावेनं हसायचं असतं.

मग सेलची पाळी आली. आत्याबाईंच्या कानाचं मशीन जुन्या पद्धतीचं, छातीशी दोरीनं अडकवायची डबी, कानात वायर, आणि डबीत पेन्सिल सेल. डॉक्टरांनी कानामागचं नवं मशीन सुचवलं होतं, पण ते बारीक बटण त्यांच्या बोटांना सापडत नाही. आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे, तिची तुझी चारचौघांत नक्कल करून झालेली आहे. रात्री मी डबीतून सेल काढून ठेवते. बोलणारं कुणी नसेल तर दिवसाही काढते. मशीनमध्ये दमलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घालते, घड्याळाला तो पुढं किती तरी महिने पुरतो. काटकसर आहे, लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण त्यामुळं तुझी एक समजूत झाली, की म्हातारीच्या गळ्यातली डबी बहुतेक वेळा रिकामीच असते. त्या दिवशी मी चांगल्यातले महागाचे सेल घेतले ते तू बघितलं नाहीस. तू तेव्हा बरण्यांच्या फळीपाशी होतीस.

त्या फळीवर ती हिरवी फळं होती, आवळ्याहून लहान, पाण्यात बुडवलेली, पोटात काहीतरी भरलेलं. ऑलिव्ह म्हणालीस. तू दोन बरण्या उचलल्यास, दिसायला जुळ्या बहिणी. कुठलीही पिशवी, पुडा हातात आला की आम्ही माळकरी माणसं आधी ठिपका बघतो. एकीवर हिरवा ठिपका होता. दुसरीवर चौकोनात तांबूस तिकोन. मी तुला दाखवलं. तू म्हणालीस, असेल काहीतरी. मी त्या पोरीला वाचायला सांगितलं. तिनं मोठ्यानं वाचलं, पहिल्या बरणीत भरलीय ती लाल मिरची, दुसरीत मासा. तू तिच्या शेजारीच उभी होतीस, उत्कर्षा. तू म्हणालीस, दुसरी ह्यांच्या मित्रांना आहे, घरच्यांना नाही. मी ती गाड्यात जाऊ दिली. तुझं घर, तुझे पाहुणे. आत्याबाई तेव्हा बाकड्यावर बसून पाय चोळत होत्या, त्यांच्यापर्यंत यातलं काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना तुमच्या घरचे मंत्र ऐकायचे होते. धाकट्याच्या घरात वास्तुपुरुष बसतोय आणि मी नुसती तोंडं हलताना बघू का, म्हणाल्या. म्हणून मी नवा सेल घालून दिला. होम झाला, पंगती उठल्या, मी मागच्या बाजूला पातेली घासायला लावून देत होते. हॉलमध्ये तुझ्या भिशीच्या मैत्रिणी होत्या, मधल्या टेबलावर काड्या टोचलेल्या त्या फळांच्या दोन वाट्या होत्या, आणि सोफ्याच्या कडेला आत्याबाई. तिथं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही. तुला वाटलं असेल, कुणीच ऐकलं नाही.

संध्याकाळच्या इंदापूर गाडीनं आम्ही निघालो. तू भरपूर फराळ बांधून दिलास, पाया पडलीस. भवानीनगर गेलं, सणसर गेलं, आत्याबाई हातातल्या तिकिटाची घडी घालत होत्या. एरवी त्या कुणाचा ऊस किती वाढलाय ते खिडकीतून सांगत बसतात. लासुर्णे मागं पडल्यावर त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली, पदराच्या टोकात बांधली आणि मला म्हणाल्या, “सारजे, त्या फळात मासा हुता. मला समदं ऐकू आलं.”

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पहिल्या वाटीतलं फळ तू स्वतः खाल्लंस. त्यांच्यासाठी हात दुसऱ्या वाटीत घातलास. काडीनं त्यांच्या तोंडात दिलंस आणि खुणेनं सांगितलंस, लोणचं आहे, खा. त्यांना खारट लागलं, परदेशी करवंद असेल म्हणून त्यांनी गिळलं. मग तू मैत्रिणींकडं वळून म्हणालीस, “माळकरीण बाटली बघा. म्हातारीला काय कळतंय, मशीनमध्ये सेल नसतो तिच्या.” सगळ्या हसल्या. आणि आत्याबाईही हसल्या. मी विचारलं, का हसलात, तिथंच तिच्या अंगावर का थुंकला नाहीत. तर म्हणाल्या, पोराच्या घरात त्याच दिवशी देव बसला होता, मी तोंड उघडलं असतं तर तो उठून गेला असता.

तुला ही गंमत वाटली. माळ म्हणजे काय ते मी तुला शिकवायला बसले नाही. एवढंच सांगते, सासरे गेले तेव्हा आत्याबाईंच्या हातातल्या बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, पण माळ राहिली होती. सगळं गेल्यावर आपलं म्हणावं असं तेवढंच अंगावर होतं. ती तू एका काडीनं काढून घेतलीस. घरी आल्यावर त्यांनी माळ देव्हाऱ्याखाली ठेवली. पोथी वाचायच्या बंद झाल्या. एकादशीला कीर्तनाला गेल्या तर दारात चपलांपाशी बसल्या, आत या म्हटलं तर मान हलवायच्या. वन्संनी फोनवर विचारलं, आईला काय झालंय. मी म्हटलं, ऊन बाधलंय.

मी रोज दिवा लावते, हरिपाठ म्हणते. क्षमा करावी हे मला पाठ आहे. पण खरं सांगते, त्या दिवसापासून दिवा लावताना माझ्या तोंडात देवाचं नाव असायचं आणि मनात तुझं. तुझ्या बंगल्याला तडा जावा, तुझ्या मैत्रिणींनी तुला टाकावं, असलं काय काय मागितलं मी. भावजींना सगळं सांगून मोकळं व्हावं असंही किती वेळा मनात आलं. मग वाटायचं, ते एक दिवस चिडतील, तू एक दिवस रडशील, आणि आठवड्यानं दोघं मिळून म्हणाल, ताईंनी घर फोडलं. एवढ्या स्वस्तात मला तुला सोडायचं नव्हतं.

आषाढात मी त्यांना कळंबला महाराजांकडं नेलं. त्यांनीच त्यांना माळ घातली होती. आत्याबाईंनी सगळं सांगितलं, फक्त कुणी दिलं ते सांगितलं नाही. महाराज म्हणाले, नकळत पोटात गेलं त्याचं पाप खाणाऱ्याला लागत नाही, ते जाणून वाढणाऱ्याच्या ताटात राहतं. त्यांनी माळ धुऊन पुन्हा गळ्यात घातली. वाटेत आत्याबाई रडल्या, मी नाही रडले. माझ्या कानात महाराजांचं ते वाढणाऱ्याच्या ताटाचं बोलणं घोळत होतं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझं ते बोलणं ग्रुपवर आलं. तूच आपणहून, भावकीच्या देखत, कायमचेच म्हणालीस. उत्कर्षा, तू या घरात उशिरा आलीस, आणि आल्यापासून बारामतीतच राहिलीस, म्हणून तुला एक गोष्ट कुणी सांगितली नाही. आपल्या घरात मुखवटे एकटे हलत नाहीत. गौर माहेराला येते तेव्हा तिला घास द्यायला घरातली थोरली बाई त्याच चुलीपाशी लागते. आजेसासूबाईंच्या वेळी मुखवटे थोरल्या घरातून आपल्याकडं आले, तेव्हा मागोमाग आजेसासूबाईही वळकटी घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत इथंच राहिल्या. गौरी जिथं, सासू तिथं. खोटं वाटलं तर वन्संना विचार. आणि आता नको म्हणायचं असेल तर ग्रुपवरच म्हण, का नको तेही तिथंच सांग.

मी होकार देणार आहे. उद्याच. माझं घर रिकामं होईल हे मला कळतं. भाद्रपदात मी कोनाड्याकडं बघत बसेन आणि सकाळच्या पहिल्या चहाला मला हाक मारणारं कुणी नसेल. तेवढी किंमत मी मोजून बघितली आणि ती मला परवडते. आत्याबाईंना मी जबरदस्तीनं पाठवत नाही. विचारलं तर म्हणाल्या, चल, धाकटीकडं बी राहून बघू. नागपंचमीपासून त्या आपली लुगडी उन्हाला घालतायत. आता पत्र का लिहिलं ते सांगते. त्यांनी मला देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की भावजींना यातलं काही सांगायचं नाही, आणि त्या स्वतःही तुला आयुष्यात एका शब्दानं विचारणार नाहीत. त्यांनी भावजींचं नाव घेतलं, तुझं घ्यायचं राहिलं. म्हणून तुला एकटीला कळवते, की त्यांनी सगळं ऐकलंय. आता त्या तुझ्याकडं येतील. तू पाट मांडशील, गरम गरम वाढशील, चांगलंच वाढशील. त्या आधी ताटाकडं बघतील, मग तुझ्या तोंडाकडं बघतील, आणि मग निमूट पहिला घास घेतील. सकाळी आणि संध्याकाळी, त्या असेपर्यंत.

तुझीच थोरली जाऊ,
सारजा