वाऱ्याची खबर

४ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पाला जाळायचा परवाना मिळाला. खाली तुझी सही. तुझी पाटीवरची अक्षरंही अशीच उजवीकडे कलंडायची. सगळे नियम चालीवर म्हणून पाहिले: ढीग कुंपणापासून लांब, हाताशी पाण्याची बादली, आणि पेटवायच्या दिवशी सकाळी अग्निशमन केंद्राला फोन करून वाऱ्याची खबर द्यायची. फोन उचललास तूच, आणि सख्ख्या बापाला अर्जदार म्हणालीस! आज वारं होतं. ढीग तसाच आहे.

लोभ पाल्यासारखा साचत राहो.
तुझे बाबा

१७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन आला की इथे सगळे कान टवकारतात. काल वाऱ्याबद्दल एक वाक्य बोललात, बाकी सगळी शाळेतली कविता. साहेब हसले, पण परवाना महिनाअखेरीस संपतो. शेजारच्या काकूंनी परवाच पाला जाळला; म्हणाल्या, पान हलत नव्हतं. मग रोज तुमच्याच अंगणात कसं बरं वारं सुटतं?

रागावू नका, माया असू द्या.
बिट्टी

२० नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

काकूंचं अंगण सखल, आपलं उंचावर. शिवाय तुझी आई गेल्यापासून घर सकाळी फार गप्प असतं, आणि गप्प घरात थोडंसं वारंही मोठं ऐकू येतं. बरं, ढीग जळून गेला तर दुसऱ्या दिवशी काय निमित्त काढून फोन करू, तेही एकदा तुमच्या केंद्राच्या नियमात लिहून ठेवा.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
बाबा

२२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी जागेच्या पाहणीला येते. अधिकारी मीच, काडेपेटीही माझीच. बादली भरून ठेवा. वाऱ्याची सबब चालणार नाही.

भेटीपर्यंत हे प्रेम पुरवून वापरा.
बिट्टी

सोमवार, २५ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

आत्ताच तुझा फोन ठेवला. कालच्या धुराचा वास अजून स्वेटरला आहे. राखेवर तू स्वतः बादली ओतलीस, तेव्हा थेट आईसारखी पदर खोचल्यागत उभी होतीस. आज मात्र मी फोन करायच्या आत घंटा वाजली, आणि तू गंभीर आवाजात विचारलंस, अर्जदार, आज वारं कसं आहे? मी म्हणालो, भरपूर.

खोटं बोललो गं. अंगण लख्ख झाडलेलं, राख गार, पानसुद्धा हलत नाही.

उद्याही विचार.
तुझे बाबा