मोहितेकाकांची फाइल

७ ऑक्टोबर, सोमवार
दिवाळीत कारखाना बंद असतो, त्या शटडाऊनमध्ये पत्रा दाबायची जुनी प्रेस काढून त्याच जागी मोठी बसवायची. प्लॅन माझ्याकडे. जाधवसर म्हणाले, "नव्याने कशाला करतेस? मोहित्यांनी मागे असंच काम केलंय. त्यांची फाइल घे, तारखा बदल, संपलं." फाइल सापडली, पण उघडेना. नवं सॉफ्टवेअर म्हणतं, हा प्रकार फार जुना. परत परत तेच. सोडणार नाही.

८ ऑक्टो.
आयटीवाल्याने सेटिंग बदललं. उघडली! सर शेवटची तारीख बघून खूश. "पाच दिवस! म्हटलं नव्हतं?" माल किती दिवस थांबेल ते कस्टमरला फोनवर सांगायला गेलेसुद्धा.
मग नीट पाहिलं. गुरुवारी काम, रविवारी सुट्टी. आपल्याकडे सुट्टी गुरुवारची, काका असं लिहिणं शक्य नाही. नव्या सॉफ्टवेअरने स्वतःचंच कॅलेंडर लावलंय. आणि फाउंडेशनपुढे शून्य दिवस. म्हणजे काँक्रीट ओतायचं आणि लगेच वर प्रेस ठेवायची?

९ ऑक्टो.
शून्याचं कारण कळलं. फाउंडेशनचा तपशील दुसऱ्या फाइलीत होता, हिला जोडलेला. ती फाइल सर्व्हरवर नाही, म्हणून दिवस गायब. सर: "अगं, होतं सगळं. पोरांना अनुभव आहे."
पोरं म्हणजे तानाजीभाऊंची. भाऊ निघोजे गावचे, प्रेस बसवायचं कंत्राट त्यांचं. जेवणाच्या सुट्टीत विचारलं. "म्याडम, काँक्रीट पक्कं झाल्याबिगर मी येक पोरगं खाली घालनार न्हाई." बरं वाटलं. भीतीही वाटली. सरांनी दुसरा कंत्राटदार आणला तर...

१० ऑक्टो., गुरुवार
सुट्टी. काळेवाडीत मोहितेकाकांकडे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, ऐकू कमी येतं. जुना कॉम्प्युटर अजून चालू ठेवलाय. दोन्ही फाइली होत्या आणि तिथे बिनबोभाट उघडल्या. फाउंडेशन आठ दिवस! मी लगेच पेन ड्राइव्ह काढला.
काका म्हणाले, "नेऊन काय करणार? हे ठरलं होतं ते. झालं वेगळंच. घाईत ओतलं, तडा गेला, फोडून परत ओतलं."
"मग फाइलीत का नाही?" ओरडून विचारावं लागलं.
"कोण विचारतंय नंतर? प्रेस सुरू झाली, नारळ फुटला. तू तुझा प्लॅन कर, पोरी."
रिक्षात इतका राग आला! एवढी धडपड करून फाइल उघडली, तर तीही अर्धीच खरी.

१४ ऑक्टो., सोमवार
दसरा सोडून सगळा वेळ नव्या प्लॅनवर. एकेक काम तानाजीभाऊंना विचारून लिहिलं. बारा दिवस. माल आधी साठवावा लागेल, तेही घातलं.
मीटिंग. सर लाल. "मी कस्टमरला पाच सांगून बसलोय! जुनी फाइल पाच म्हणते."
"ती नीट उघडली नव्हती सर. अर्धीच दिसत होती."
"आणि तुझी बरोबर कशावरून?"
"चुकली तर जबाबदार मी. पण पाच दिवसांच्या प्लॅनवर माझं नाव घालू नका."
सरांनी वही मिटली. मग, "तुझ्या नावाने पाठव. मी मध्ये नाही." कस्टमरला पाठवला.

१६ ऑक्टो.
कस्टमरचं उत्तर नाही. सर कॅन्टीनमध्ये लांबच्या टेबलावर बसले. बसू देत.
दुपारी तानाजीभाऊ आले. "पोरांना सांगू का न्हाई?"
"परवानगी नाही आली अजून."
"मंग?"
मी ड्रॉइंग घेतलं. चालू प्रेसच्या भोवती दोघांनी टेप धरला, नव्या फाउंडेशनची हद्द मोजली, चुना टाकला. ऑपरेटर बघत राहिले.
"पुसाया लागलं तर?" भाऊ म्हणाले.
"तेव्हा बघू."
प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला चुना थोडा उडत होता. शिफ्ट सुटेपर्यंत मी तिथेच होते. रेघ दिसत होती.