डाव्या हाताचा शड्डू

प्रिय शंभू,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. अप्पांचा गुडघा आहे तसाच आहे, तूर फुलोऱ्यात आली आहे, महादेवीकाकूंची म्हैस व्यायली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसऱ्याच वाक्याला "बरं बरं, आई" म्हणून हसतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे.

तू मोबाईलवर पाठवलेली कुस्ती पाहिली. तूच म्हणाला होतास, "आई, इतकी वर्षं शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवलीस, आता माझं नाटक तपास." तर तपासलं. सोबतीला महादेवीकाकू होत्या. तुझ्यासमोरच्या त्या रणधीरनं तुझा डावा पाय रिंगणाच्या लोखंडी खांबावर आपटला तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, पोराचा पाय गेला की!" मी म्हटलं, काकू, पाय खांबाला लागलेलाच नाही, त्यानं स्वतःची टाच फळीवर आपटून आवाज काढलाय. त्यावर मलाच म्हणाल्या, "तुमी लई दगडाच्या काळजाच्या, बाई." पोटच्या पोराची कुस्ती असूनही अप्पा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत. ठरवून केलेली कुस्ती ही नुरा कुस्ती, आणि ती बघणं म्हणजे लाल मातीचा अपमान, हे त्यांचं मत तुला माहीतच आहे. पण दार उघडं होतं, आणि त्यांनी खुर्ची दाराच्या रेषेत सरकवली होती.

आता चुका. पायाचं दुखणं चांगलं सुरू केलंस. लंगडणं खरं वाटलं, दोरीला धरून उठणंही. पण मग दोरीवर चढून उडी मारलीस आणि दोन्ही पायांवर उतरलास! लंगडायची आठवण तुला नंतर आली. प्रेक्षक खुळे नसतात, शंभू. खोटं दुखणं खरं भासवणं, ज्याला तुम्ही दुखणं विकणं म्हणता, ते एकदा विकायला काढलं की शेवटपर्यंत विकावं लागतं. ओरडायचीही तुला घाई. रणधीरचा हात वर जातो न जातो तोच तू कळवळतोस. आणि त्या रणधीरलाही सांग, खलनायकानं दुखरा पाय सोडून भलतीकडे जायचं नसतं. त्यानं पुन्हा पुन्हा तिथंच यायला हवं. तू वाचतोस की नाही, ही धाकधूक लोकांच्या पोटात मुरायला वेळ लागतो. तुम्ही दोघं भाकरी थापता न थापता उलटता.

याच ओघात आणखी एक चूक धरली होती. उत्तरार्धात त्यानं तुला उचलून पाठीवर आपटलं, मान आधी टेकली. केवढा आवाज झाला! आणि तुझ्या चेहऱ्यावर काहीच नाही. ओरडणं नाही, कळवळणं नाही. नुसता उठून बसलास आणि उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिलास. मी म्हटलं, इथं पोरगं नापास. दुखणं विकायची एवढी मोठी संधी आणि यानं वाया घालवली. शिवाय पाय दुखतोय तर हाताकडे कशाला बघायचं? गोष्टीचा धागाच तुटला.

मग तू शेवटचा शड्डू ठोकलास. लोक शिट्ट्या मारत होते, काकू टाळ्या वाजवत होत्या. आणि दारातून अप्पांचा आवाज आला. "डाव्या हातानं?"

मी वळून बघितलं. ते दाराला धरून उभे होते. "मास्तरीणबाई, ते परत लावा. गड्यानं डाव्या हातानं शड्डू ठोकला. कवापासनं?" मी म्हटलं, तिकडं बसवताना तसं सांगितलं असेल. ते म्हणाले, "शड्डू कुणी बसवत न्हाय. लहानपणी बसलेला असतो तो." ती कुस्ती त्यांनी उभ्यानंच पुन्हा पाहिली. जेवायला वाढलं तर ताटावरून उठून गेले.

शंभू, मी मुलांना नाटकात काय शिकवायची, आठवतं? खोटं दुखणारा लोकांकडे बघतो. खरं दुखणारा दुखऱ्या जागेकडे बघतो आणि गप्प राहतो. सगळ्या शाळेला हे शिकवलं, आणि माझ्याच पोराच्या वेळी त्याला वाईट अभिनय समजून बसले. तुझी त्याच्या आधीची कुस्तीही काढून पाहिली. शेवटी पाण्याच्या बाटलीचं झाकण तू दातांनी उघडलंस. आणि दिवाळीपासून तू मला एक अक्षर लिहून पाठवलेलं नाहीस, सगळं बोलून पाठवतोस. मला तो आळस वाटला होता. तुझ्या उजव्या हाताला कळ येते की बोटं बधिर होतात? अप्पा म्हणतात ते मानेतून येतं. तालमीत त्यांनी असे गडी पाहिले आहेत. ते गडी पुढं बरे झाले का, हे मी विचारलं, तर त्यांनी विषय तुरीवर नेला. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

पुढच्या कुस्तीची गोष्ट तूच मला रंगवून सांगितली होतीस. लंगड्या पायामुळं तुझा तोल जाणार, रणधीर तुला खांद्यावर घेणार आणि डोक्याकडून खाली टाकणार. "सगळं खोटं असतं गं, आई." पाय खोटा आहे, हे मला माहीत आहे. पण खाली टेकणारी मान खोटी नाही. आणि तू जागेवरून हलला नाहीस, तर पंच म्हणेल वा, काय विकतोय. लोक टाळ्या वाजवतील. त्या आवाजात कुणाला कळणार आहे? मी घाबरट बाई नाही, तू जाणतोस. पण डोळे मिटले की मला तोच टाळ्यांचा आवाज येतो.

म्हणून हे पत्र. याचं उत्तर मला फोनवर नको. चार ओळी लिही, शाईच्या पेनानं, उजव्या हातानं. काहीही लिही, हवामानाबद्दल लिही. तुझं अक्षर मी पाटीवर हात धरून घडवलं आहे. तुझ्या अक्षरातला 'श' थरथरला तर मला कळेल, दुसऱ्याकडून लिहून घेतलंस तर तेही कळेल. लिहिता येत नसेल, तर ते चार लोकांपासून लपव, माझ्यापासून नको. मान डॉक्टरला दाखवेपर्यंत त्या रिंगणात उतरायचं नाही. आणि पत्र आलंच नाही, तर सोलापूरहून गाडी धरून आम्ही दोघं तिकडं येतो. अप्पांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. खोटी कुस्ती बघणार नाही म्हणणारा माणूस रिंगणाच्या पहिल्या रांगेत येऊन उभा राहील, आणि ती थांबवेल.

पत्राची वाट बघणारी,
तुझीच,
आई