कुंकू लावलेली तोफ

अण्णा, काल मी तोफ उडवली. खरी, पितळी, स्वतः जोडलेली. ज्या मुलीला तुम्ही कधी फटाक्याच्या टिकल्यांची डबीसुद्धा हाताळू दिली नाहीत, तिनं. आता काय रागवायचं ते रागवून घ्या, मी ऐकून घेते. पण आधी सगळं सांगू द्या, कारण काम मी चोख केलंय आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस आणि घरात दिवाळीला फटाका म्हणून नाही! गल्लीतली मुलं मला काय चिडवायची! किल्ला मात्र आपला पहिला उभा राहायचा. तुम्ही पायांनी चिखल तुडवायचात, गोणपाट टाकायचात, अळीव पेरायचात आणि बुरुजावर मातीची तोफ ठेवायचात, मुकी. ती वाजवायची म्हणून एका वर्षी मी गल्लीतले फुसके फटाके गोळा करून सोलत बसले होते. तुम्ही बघितलंत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. कागदासकट सगळं बादलीत बुडवलंत आणि म्हणालात, "वाजला नाही म्हणजे मेला असं नाही. न वाजलेल्याच्या जवळ जायचं नाही. कळलं?" तुमच्या त्या आवाजाची मला अजून भीती वाटते.

लक्ष्मीपूजनाला सगळी गल्ली दणाणायची आणि तुम्ही ओट्यावर डोळे मिटून बसायचात. मी एकदा विचारलंच, "अण्णा, घाबरता का हो?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "ऐकतोय. वात पेटली आणि आवाज आला नाही, असा कुठला ते." सकाळी तुम्ही पाण्याची बादली घेऊन गल्लीभर फिरायचात, न वाजलेले वेचत. मला लाज वाटायची तुमची. आता सांगायला हरकत नाही, अभिमानही वाटायचा.

तर हे तोफेचं किट. इथे अमेरिकेत, अल्फारेटात एका हॉबीच्या दुकानात दिसलं आणि माझे पाय तिथेच थांबले. वीतभर पितळी नळी, लाकडी गाडा, दोन चाकं आणि खिळ्यांची पुडी. दिवसभर ऑफिसात कोड लिहायचा आणि संध्याकाळी किचनच्या ओट्यावर कानस घेऊन बसायचं, असा माझा सगळा सप्टेंबर गेला. चाकं आसावर बसेनात, तर घासून बसवली. लाकडाला तेल पाजलं. नवरा डिशवॉशर लावता लावता म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड अजून यायचंय आणि तुला तोफा कसल्या सुचतात?" मी म्हटलं, दारूला मी हात लावणार नाही. शेजारच्या अमेरिकन आजोबांना असल्या जुन्या तोफा-बंदुकांचा नाद आहे. दारू त्यांची, कुरणही त्यांचं. ते म्हणाले, "तू बांध, भरायचं मी बघतो."

इथली दिवाळी शनिवारी असते, तिथी काही का म्हणेना. काल सकाळी त्यांच्या कुरणात आम्ही किल्ला केला. अण्णा, इथली माती बघायला हवी होतीत तुम्ही! लालभडक आणि चिकट. बुरुज एका दमात उभा राहिला. आजोबा हसत विचारतात, "हे कुणाचं घर?" लेक कमरेवर हात ठेवून सांगते, "इट्स अ फोर्ट. ऑब्विअसली."

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या तबक घेऊनच आल्या. शस्त्र आहे, पूजा नको? हळद झाली, कुंकू झालं, फूल झालं. ओलं कुंकू नेमकं बत्तीच्या भोकाच्या तोंडाशी लावलं. मला दिसलं. स्पष्ट दिसलं. नळी आतून तीनतीनदा पुसणारी मी, ते बोट पुढे करून पुसू शकत होते. पण सवाष्णीनं लावलेलं कुंकू तिच्या डोळ्यांदेखत कसं पुसायचं? म्हटलं, राहू दे.

आजोबांनी दारू भरली, वात खोवली. मी बत्ती दिली आणि मागे पळाले. वात फुसफुसत गेली, भोकाशी पोचली, आणि काही नाही. नुसती शांतता. लेक म्हणाली, "दॅट्स इट?" आणि तिनं तोफेकडे पाऊल उचललं.

"जागचं हलायचं नाही!"

तो आवाज माझा नव्हता अण्णा. लेक थिजली, नवरा थिजला, सासूबाईंचा हात तबकावर राहिला. आजोबांना मराठीचा गंध नाही, पण तेही जिथल्या तिथे उभे. असा खणखणीत. "न वाजलेल्याच्या जवळ जायचं नाही," मी इंग्रजीतही सांगितलं. आजोबा म्हणाले, "कुणीतरी नीट शिकवलंय तुला." मला रडूच आलं.

खूप वेळ थांबलो. मग आजोबांनी बाजूनं जाऊन नळीत पाणी ओतलं, बादलीनं. बादलीच होती, निळी प्लास्टिकची. भोक तपासलं तर आत कुंकवाचा गारा, त्यात वात अडकून विझलेली. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मग त्यांनीच पदराचं टोक ओलं केलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे. कुंकू पुसू नये ते माणसांचं. हिचा नवरा कोण लागून गेलाय?" असे हसलो आम्ही, की विचारू नका.

दुपारपर्यंत तोफ उन्हात वाळवली, पुन्हा पुसली, पुन्हा भरली. या वेळी बत्तीच्या आधी मी सगळ्यांना मागे ओळीत उभं केलं. आणि वाजली! लेक उड्या मारत होती, कुरणापलीकडची गाय मान वर करून बघत होती, नवरा "काय आवाज, काय आवाज" करत होता. किल्ल्याचा एक बुरुज त्या दणक्यानं खचला, तो आम्ही तसाच ठेवलाय.

तोफ आता माझ्यासमोर ओट्यावर आहे, चकचकीत. हे पत्र तिच्या गाड्याखाली सरकवून ठेवीन, तुम्ही गेलात, आता दुसरीकडे पाठवणार कुठे? सगळे विचारतात, ज्वाळा केवढी निघाली बघितलीस ना? मी म्हणते, हो, बघितली की. नाही बघितली अण्णा. मी डोळे घट्ट मिटले होते. आणि मी काही ऐकत-बिकत नव्हते, सरळ घाबरले होते. खरं सांगा, ओट्यावर तुम्ही तरी नुसतं ऐकतच होतात का?