टिल्लूचा टाटा

ता. ९, सोमवार, दुपार

चिरंजीव बाळास,

अनेक आशीर्वाद. सूनबाईंनाही सांग. पिटुकलीला गोड पापा. मी बरा आहे, गुडघा आहे तिथेच आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "हं, हं, पुढे" म्हणत राहतोस आणि माझं पुढचं पळून जातं. कागद घाई करत नाही.

गॅस मी झोपण्याआधी दोनदा बघतो, तेव्हा त्याची काळजी नको. नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. वरच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करून गेल्या की तुमच्या घरातून रातकिड्यांचा आवाज येतो. मी म्हणालो, येणारच, सरड्यांचं जेवण आहे ते. त्या नाक मुरडून गेल्या. आता जिन्यात भेटल्या की माझ्या पिशवीकडे बघतात.

येत्या रविवारी तू गाडी घेऊन येणार आणि मला त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत पोचवणार. त्याआधी मी सरड्यांची "काहीतरी व्यवस्था" लावायची. घर भाड्याने द्यायचं आहे आणि काचेची पेटी बघून माणसं बिचकतात, असं तुझं म्हणणं. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे, पण आधी टिल्लूचं सांगतो.

टिल्लू आजारी आहे. मागचे पाय थरथरतात, अंग उचलवत नाही, पोटावर सरकतो. जबडा रबरासारखा मऊ झाला आहे. तू म्हणशील, सरडा तो सरडा. पण आणलास तूच. पिटुकलीने हट्ट केला आणि तू दाढीवाल्या सरड्यांची जोडी घेऊन आलास. मोठ्याचं नाव तिने दाढोबा ठेवलं, छोट्याचं टिल्लू. चार दिवस कौतुक झालं. मग पुढच्या खोलीत वास येतो म्हणून पेटी मागच्या खोलीत आली. मी तुझी आई गेल्यापासून तिथेच होतो.

तुम्ही दुसऱ्या शहरात गेलात तेव्हा तू दारातून सांगितलंस, "बाबा, दिवा लावायचा, किडे टाकायचे, बस." पेटीत दिवे होते दोन. एक गोल, चांगला तापणारा. दुसरा लांब नळीचा. मी जन्मभर बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, ऊब मला तळहाताला कळते. नळीखाली हात धरला, काहीच लागेना. तुला फोन केला. तू कुठल्याशा मीटिंगमध्ये होतास. म्हणालास, नुसती वीज खातो तो, बंद ठेवा. मी बंद ठेवला. माझ्याही हाताचं तेच मत होतं, म्हणून सगळा दोष तुझ्या एकट्यावर टाकत नाही.

बुटांच्या खोक्यात टॉवेल घालून टिल्लूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे यात? मी म्हणालो, बूट. तेवढ्यात खोकं हललं. तो पुढच्या थांब्यावरच उतरला.

डॉक्टरीणबाई तरुण, पण जिभेला धार. जबड्याला बोट लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो मऊ केला. म्हणाल्या, हाडं झिजली आहेत, याला उन्हाचा उजेड मिळालेला नाही. तो लांब दिवा म्हणजे याचं ऊन. तो हाताला लागत नाही, हाडांना लागतो. मी चिडलो. म्हटलं, बाई, उपाशी नाही ठेवला, हाडतुड नाही केली. दोघांत माया तर अशी आहे की मोठा दिवसभर दिव्याखाली छोट्याच्या पाठीवर बसून असतो, मिठी मारल्यासारखा. आणि सकाळी मी काच सरकवली की हा पुढचा पाय उचलून मला टाटा करतो. आमच्या पिटुकलीनेच दाखवलं होतं मला. मीही त्याला टाटा करतो.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आवाज उतरला त्यांचा, आणि तेच मला जास्त लागलं.

"आजोबा, ती मिठी नाही. मोठा याच्या वाटचा उजेड आणि ऊब अडवून बसतो. हे दोघे एका पेटीत राहूच शकत नाहीत."

"आणि टाटा?"

"तो टाटा नसतो. तो सांगत असतो, मी लहान आहे, मला काही करू नका."

येताना खोकं मांडीवर धरून बसलो होतो. माझा थांबा निघून गेला तरी कळलं नाही. रोज सकाळी तो माझ्यासमोर गयावया करत होता, आणि मी खुशीत हात हलवून त्याला उत्तर देत होतो.

आता दोन पेट्या झाल्या आहेत. सुताराने तुझ्या जुन्या पुस्तकांच्या कपाटाची दुसरी करून दिली, पुस्तकं पलंगाखाली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, खिडकी उघडी हवी. मागच्या खोलीला खिडकी कुठे आहे? म्हणून दाढोबा मागे राहिला, नवीन लांब दिव्यासकट. टिल्लू आणि मी पुढच्या खोलीत आलो. सूनबाईंचं आरशाचं टेबल भिंतीला सरकवलं आहे, ओरखडा पडलेला नाही.

तुझा घर दाखवणारा एजंट परवा एक जोडपं घेऊन आला. मी अडवलं नाही, हे लक्षात ठेव. त्याने स्वतःच मागची खोली उघडली. दाढोबाने हनुवटी फुगवून काळीकुट्ट केली आणि तोंड वासलं. जोडपं तोवर जिन्यात पोचलेलं होतं. एजंट दारातून विचारत होता, "काका, ही पाल वाढली की मगर होते का?" मी म्हणालो, सांगता येत नाही.

हसू नकोस. मी त्या दिवशी पुष्कळ हसलो, आणि मग बसून राहिलो.

तुम्ही निघालात तो दिवस आठवतो का बघ. मी फाटकाशी उभा होतो. तू गाडीची काच खाली करून सूनबाईंना म्हणालास, "बघ, बाबा किती खुशीत टाटा करतायत." मी गाडी वळेपर्यंत हात हलवत होतो. हात खाली केला तर काय होईल, या भीतीने हलवत होतो. मागच्या महिन्यात तू संस्थेचं विचारलंस तेव्हा मी लगेच "हो, हो, चालेल" म्हणालो. तोही तसलाच टाटा होता. तू त्याला होकार समजलास. मी डॉक्टरीणबाईंना भेटेपर्यंत मलाही त्यातला फरक सांगता आला नसता.

टिल्लूची हाडं भरायला पुष्कळ महिने लागतील, कदाचित भरणारही नाहीत. किडे बोटाने भरवावे लागतात, मला अजून शिसारी येते. काल काच सरकवली तर त्याने पाय उचलला नाही. नुसता बघत राहिला. मीही हात खालीच ठेवला.

रविवारी ये. पिटुकलीला आण. जेवायला थांबा. बॅग भरलेली नाही आणि भरणार नाही. तू चिडशील, आवाज चढवशील, ते मला ठाऊक आहे, तरी हे पत्र आजच टपालात टाकतो आहे. निघताना फाटकापर्यंत येईन. हात हलवणार नाही.

पुढच्या खोलीतून,
तुझे बाबा